पिकतं तिथं विकावं



गेल्या बेंदराला आम्ही तालुक्याच्या बाजारातून बैलांची जोडी आणली. प्लॅस्टरची, चकचकीत, शिंगांना सोनेरी रंग. पूजा झाली, नैवेद्य झाला. संध्याकाळी गावातले कुंभारदादा वाटेत भेटले. म्हणाले, "काय अण्णा, औंदा बैलं न्हाई न्हेली?" त्यांच्या पडवीत मातीच्या बैलांच्या दोन पाट्या तशाच पडून होत्या. आम्हाला उत्तर सुचलं नाही. त्यांचं घर आमच्यापासून दोन आळ्या सोडून, आणि आम्ही एस.टी.नं तालुक्याला जाऊन बैल आणले!

पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण ही म्हण एके काळी आपल्यालाही लागू होती, हे विसरून चालणार नाही. कारखाने नव्हते तेव्हा ऊस गुऱ्हाळात आणि गूळ अडत्याच्या दुकानी. भाव त्याच्या मनात आणि पैसे त्याच्या सवडीनं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि शेतकऱ्यानं आपला माल आपण विकायचा ही वाट महाराष्ट्रात रुळली. आपला कारखाना त्याच वाटेवरचा.

पुढे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं, असं ठरवून दिलं. बिलाला पंधरावा दिवस उजाडला की आपण शेतकी ऑफिसात जाऊन टेबलं वाजवतो. वाजवायलाच पाहिजेत. घामाचे पैसे आहेत.

मग आमचा प्रश्न असा, की सुपं वळणाऱ्या बुरडाचा घाम निराळा आहे काय?

जरा मागचं आठवून बघा. कुंभार, चांभार, सुतार, लोहार यांना आपल्या वाडवडिलांनी खळ्यावर बलुतं घातलं. ती रीत फार चांगली होती असं आम्ही म्हणणार नाही. खळ्याच्या कडेला तासन् तास उभं राहायचं, मालक घालील तेवढं पदरात घ्यायचं, आणि हलकं-भारी बोलणंही ऐकायचं. पण वर्षाचे दाणे घरात पडत. आपल्या भागात पाट आले, विहिरींवर इंजिनं बसली, जोंधळ्याच्या जागी ऊस आला. ऊस खळ्यावर येत नाही, तो गाडीत बसून कारखान्याला जातो. खळी मोडली आणि बलुतंही मोडलं. आपण सभासद झालो, शेअर घेतले. ते मात्र मोकळ्या हातानं बाजारात जाऊन उभे राहिले. यात कुणी मुद्दाम अन्याय केला असं नाही, पण हिशेब अपुरा राहिला एवढं खरं.

आणि यांच्या हातात कसब आहे का, हे विचारायलाच नको. घोंगडं घ्या. दख्खनी मेंढीची लोकर, धनगराच्या घरी कातलेलं सूत, सणगराच्या खड्ड्याच्या मागावरचं विणकाम आणि चिंचोक्याची खळ. रात्री पाणी पाजायला जाताना अंगावर घेतलं तर थंडीही अडते आणि भुरभुर पाऊसही अडतो. कोल्हापुरी चप्पल घ्या. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीनं शिवलेलं, खिळा म्हणून नाही. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोत प्राडा या बड्या कंपनीनं अगदी तसल्याच चपला दाखवल्या, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे ओरड झाली तेव्हा भारतीय कारागिरीवरून कल्पना घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. आपणही सगळे चिडलो. पण चिडताना आपल्या पायात काय होतं? आमच्या पायात तरी रबरी स्लीपर होती.

म्हणून आम्ही एक सूचना मांडतो. आपल्या सभासद भांडारात एक फळी कारागिरांसाठी ठेवावी. घोंगडी, चपला, सुपं, दुरड्या, माठ, बेंदराचे बैल, आया-बहिणींनी शिवलेल्या वाकळा, लोहाराचे कोयते-खुरपी, जे या पंचक्रोशीत बनतं ते. पण चार गोष्टी पाळाव्या, नाहीतर हे करूच नये.

पहिली, माल रोखीनं घ्यावा. "ठेवून जा, खपला की पैसे नेऊ" ही पद्धत दुकानदाराच्या सोयीची आहे. सणगरानं लोकरीला पैसे घातले, आठवडा विणण्यात घालवला, आणि वर भांडाराला उधारही त्यानंच द्यायची? मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. लाटून आणलेल्या पापडाची मजुरी रोजच्या रोज हातात, ही त्यांची रीत. एवढा मोठा पसारा या रोखीवर उभा राहिला.

दुसरी, मालावर चिठ्ठी असावी. करणाऱ्याचं नाव, गाव आणि किंमत. घेणाऱ्याला कळू द्या की हे कुणाच्या हातचं आहे.

तिसरी, दया म्हणून काही घेऊ नये. उताऱ्याशिवाय ऊस कोण घेतो? तसंच कच्च्या भाजणीचा माठ परत करावा. नायलॉनचं दावं आलं, अंबाडीचं मागं पडलं, ते ओढून आणायची गरज नाही. जे कामाचं आणि टिकाऊ, तेच ठेवावं.

चौथी, किंमत ठरवताना कारागिराला शेजारी बसवावं. सामानाचे पैसे धरावे, आणि जितके दिवस लागले तितक्या दिवसांची निदान शेतमजुरी तरी धरावी. आपणही उत्पादनखर्च धरून भाव मागतोच की!

कुणी म्हणेल, हे साखर कारखान्याचं काम आहे काय? भांडार तोट्यात गेलं तर? शंका रास्त आहे. म्हणून सुरुवात एका फळीपासून, एका वर्षापुरती आणि ठरावीक रकमेत करावी. दिवाळीला सवलतीची साखर न्यायला सभासद येतातच, तेव्हा ही फळी दाराशी असावी. वार्षिक सभेच्या भेटवस्तूही शहरातून न आणता इथूनच घ्याव्या. वर्षअखेर काय खपलं, काय राहिलं, ते अहवालात स्पष्ट छापावं. नाही जमलं तर नाही जमलं म्हणू. जमलं तर कारागीर आपली स्वतःची सोसायटी काढतील, आणि भांडार तिचं गिऱ्हाईक होईल. तेच जास्त चांगलं.

"विना सहकार नाही उद्धार" ही पाटी आपण सभेत स्टेजवर लावतो. ती फक्त ऊसवाल्यांपुरती आहे असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी संचालक मंडळाला आमची विनंती आहे. सभेचं राहू द्या, निदान पुढच्या बेंदराला तरी तालुक्याची एस.टी. धरण्याआधी कुंभारवाड्यावरून एक चक्कर मारा. आम्ही मारणार आहोत. बैल घेऊ, आणि पैसे तिथंच मोजून देऊ.