सात प्रती आणि एक मूळ फोटो



चौदा एप्रिलची मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : फोनमध्ये जागा नाही! सीबीडी बेलापूरच्या वसाहतीही त्याला अपवाद नाहीत. थोरला मुलगा फोटो काढतो, सूनबाई काढतात, मग ते विहाराच्या ग्रुपवर जातात, तिथून भावकीच्या ग्रुपवर, आणि गावाकडचे काका तेच फोटो पुन्हा आपल्यालाच पाठवतात. एकाच फोटोच्या सात प्रती होतात. त्यात रोजच्या सुप्रभातची भर. मग एके दिवशी वैतागून सरसकट पुसापुशी सुरू होते आणि नेमका मूळ फोटो जातो.

आपल्या आजी-आजोबांचे फोटो किती असतात? बहुतेक घरांत एक, फार तर दोन. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण १९५६ साली नामदेव व्हटकर यांनी स्वतःची पदरमोड करून केले. त्या धडपडीमुळे त्या दिवसाचे हलते चित्र आज आपल्याला पाहायला मिळते. आता घरात फोटो दहा हजार आहेत, पण आजीचा तो एकुलता फोटो मागितला तर कुणालाच सापडत नाही. आवराआवर करायची ती यासाठी. फोनमधली जागा मोकळी होते, हा वरचा फायदा.

सातांतली कोणती प्रत ठेवायची? व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि त्यात दडलेली काढल्याची तारीख-वेळही जाते. आलेल्या फोटोचे नाव पाहा. त्यात 'डब्ल्यूए' ही अक्षरे असतील तर ती व्हॉट्सॲपची प्रत, आणि नावातली तारीख फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. २०१६ च्या मंगल परिणयाचा फोटो काल कुणी पाठवला तर त्यावर कालची तारीख पडेल. म्हणून फोटोची माहिती उघडून ज्या प्रतीचे एमबी जास्त ती ठेवावी. मूळ फोटो नातेवाइकांकडे असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवून घ्यावा, म्हणजे तो जसाच्या तसा येतो.

गूगलचे 'फाइल्स' हे ॲप हुबेहूब सारख्या प्रती शोधून देते. आयफोनमध्ये २०२२ पासून 'डुप्लिकेट्स' नावाची वेगळी जागा आहे. पण मूळ फोटो आणि त्याची लहान झालेली प्रत या मशीनच्या हिशेबी दोन निराळ्या फाइली असू शकतात. तिथे आपलेच डोळे कामाला लावावे लागतात. रविवारी तासभर, घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, एकेक वर्ष घ्यावे. एका दमात दहा हजार फोटो आवरायला बसणारा माणूस तिसऱ्या तासाला काहीही पुसतो!

एक धोका मात्र नीट समजून घ्या. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तुम्ही तिथे फोटो पुसला, तर तो फोनमधून जातो आणि खात्यातूनही जातो. पुष्कळांना वाटते, 'वर' तर आहेच. तसे नाही. फक्त फोनची जागा मोकळी करायची तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. बॅकअप झालेला फोटो चुकून पुसला गेलाच तर साठ दिवस तो कचरापेटीत राहतो, आयफोनमध्ये साधारण तीस दिवस. तेवढ्यात परत काढावा. आणि फुकटची जागा आता पंधरा जीबीच आहे, त्यातच ईमेलही आले. अमर्याद जागेची सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली.

जुन्या फोटोंवर तारीख नसते, तिथे मागचे दृश्य पाहावे. मुंबईची लोकल वाशीपर्यंत आली ती ९ मे १९९२ रोजी आणि बेलापूरला त्यानंतर, तेव्हा बेलापूर स्टेशनवरचा फोटो त्याआधीचा असणार नाही. महापालिकेची किल्ले गावठाणाजवळची नवी इमारत दिसली तर फोटो २०१४ च्या आसपासचा किंवा नंतरचा. धावती मेट्रो असेल तर १७ नोव्हेंबर २०२३ नंतरचा धरायला हरकत नाही. एवढे कळले की फोल्डरला नाव द्यावे. आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि शेवटी प्रसंग, म्हणजे सारे ओळीने लागतात. फोटोतल्या माणसांची नावे, नाते आणि गावही लिहून ठेवा. डावीकडून तिसऱ्या कोण, हे सांगणारी आत्या आज आहे तोवरच.

निवडलेले फोटो दोन पेनड्राइव्हवर घ्यावेत. एक घरी, दुसरा लेकीकडे किंवा गावी, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहावेत. खात्याचेही लक्षात असू द्या. दोन वर्षे वापरात नसलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करून त्यातले सारे पुसू शकते, असा नियम आहे. घरातले कुणी वारले, त्यांचा फोन कपाटात पडून राहिला, तर त्यांच्या खात्यातले फोटोही याच वाटेने जातात. गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. त्यात मुलाचे किंवा मुलीचे नाव घालून ठेवता येते. दहा मिनिटांचे काम आहे, फोन ज्यांचा त्यांनीच करायचे.