थंडी नव्हे, ओल!

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या मार्गशीर्षात मला आमच्या ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक सापडले. परसात कोंबड्या कशा पाळाव्यात, हा त्याचा विषय. कला शाखेच्या मुलीला हे पुस्तक कशाला हवे, असा प्रश्न देवघेवीच्या खिडकीतल्या काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण त्यांनी शिक्का मारून दिले. शब्दकोश उशाशी घेऊन मी ते वाचू लागले.

त्यातले एक सबंध प्रकरण गोठवणाऱ्या हिवाळ्याविषयी आहे. पाण्याचे भांडे गोठते, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा बदलावे. मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्यांचा तुरा हिमदंशाने काळा पडतो, म्हणून जपावे. रात्री मी हे आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्या कोंबडीचा हिवाळा म्हंजे पोपटी गो!"

खरेच आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. आमच्या अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात मात्र थंडी म्हणजे साधारण सोळा-सतरा अंश. वालाच्या शेंगा भरतात, शेतात मडके पालथे घातले जाते, आणि त्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली शेंगा, अंडी व कोंबडी शिजते. या दिवसांत आमच्या कोंबडीला धोका असेल तर तो माणसापासूनच!

पण त्याच प्रकरणात पुढे एक वाक्य आले आणि मी थांबले. लेखक म्हणतो, थंडीच्या भीतीने खुराडे गच्च बंद करू नका. कोंबड्यांच्या श्वासाची व विष्ठेची वाफ आत कोंडते, तुऱ्यावर बसते आणि मग तुरा गोठतो. कोरडी कोंबडी पिसे फुगवून, पाय पोटाखाली घेऊन कडाक्याची थंडीही काढते. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, पण वरच्या बाजूने हवा खेळती हवी. मी हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "तेच तर. थंडी नाय मारत गो, ओल मारतं."

माझ्या आईने चौथीनंतर शाळा पाहिली नाही. तिचे खुराडे मात्र पाहण्यासारखे आहे. जमिनीपासून हातभर उंच, दगडांवर ठेवलेले. पागोळ्यांपासून दोन हात आत, पडवीच्या भिंतीला. समोर पट्ट्यांच्या फटी, पण पावसाची झड ज्या बाजूने येते ती बाजू बंद. वर छपराखाली वीतभर मोकळे. आत भाताचे तूस आणि चुलीतली राख. पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी ती जुने तूस काढून खताच्या खड्ड्यात टाकते व कोरडे घालते. हे तूस ती चैत्रापासूनच गोण्यांत भरून माळ्यावर ठेवते. लहानपणी मला वाटे, ही उगाच पसारा करते. आता कळते की ओल्या तुसात रक्ती हगवणीचे सूक्ष्म जीव वाढीला लागतात आणि पिल्ले पटापट मरतात. आईला त्या जीवांचे नाव ठाऊक नाही. ओल्या तुसाचा वास ठाऊक आहे.

आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे गोठवणारा हिवाळा असलेल्या देशांत जे संकट डिसेंबरात येते, ते आमच्याकडे आषाढात येते. असे असूनही काही वर्षांपूर्वी एका योजनेतून आमच्या वाडीत सुधारित जातीची पिल्ले वाटली गेली ती नेमकी भर आषाढात! पिल्ले महिन्याचीही नव्हती. पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे ती हळूहळू कमी करता येते, पण अंगावर पुरती पिसे येईपर्यंत त्याला आपली ऊब सांभाळता येत नाही. रवणाला बसलेली कोंबडी हे सारे पंखाखाली करते. या पिल्लांना आई नव्हती. आईने टोपलीखाली कंदील ठेवला, रात्री उठून पाहिले. दहांपैकी दोन जगली. कागदावर मात्र दहा पिल्ले वाटल्याची नोंद पक्की आहे. जात वाईट होती असे मी म्हणत नाही. तीच पिल्ले कार्तिकात आली असती तर बहुतेक जगली असती, असे माझे मत आहे. पण हे मत आमच्या वाडीतल्या कोणत्याही बाईला कोणी विचारले नाही.

आमचे काही वर्गमित्र म्हणतात, बाजारात ब्रॉयलर मिळते, मग ही कटकट कशाला? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते. मोठ्या फार्मवरची तीनशेच्या घरात जाते. हिशेब मांडला तर आई हरतेच. पण फार्मवरच्या कोंबडीला विकतचे खाद्य लागते, आमची परसातले किडेमकोडे आणि उष्टेखरकटे वेचते; फार्मची कोंबडी खुडूक होत नाही, आमची एकवीस दिवस बसून आपला वंश आपणच वाढवते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंड्यांचे पैसे वडिलांच्या हातात जात नाहीत. भाताचे, मासळीचे पैसे घरात येतात आणि घरात जिरतात. अंड्यांचे पैसे डालड्याच्या जुन्या डब्यात पडतात. माझ्या प्रथम वर्षाच्या परीक्षेचा अर्ज त्या डब्यातून भरला गेला. सुटी नाणी मोजताना कार्यालयातील खिडकीपुढे रांग खोळंबली होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. आज मला त्या लाजेचीच लाज वाटते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या पडवीचे छप्पर खुराड्यावर बसले. नऊ कोंबड्या आत होत्या. पुढे घराचे, झाडांचे पंचनामे झाले. कोंबड्यांचे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. आपत्तीत मेलेल्या घरच्या कोंबड्यांसाठीही मदतीची तरतूद असते, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. आईला सांगितले तर ती हसली. कोंबड्या हे नुकसान असते, असे तिला कधी कोणी म्हटलेच नव्हते.

आता एक सूचना. आमच्याकडे जिला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग. 1920च्या दशकात कुमाऊँतल्या राणीखेतवरून त्याला हे नाव पडले. तो आला की वाडीच्या वाडी साफ होते. त्यावर लस आहे आणि ती महागही नाही. अडचण वेगळीच आहे. लसीची लहानात लहान बाटलीसुद्धा बहुधा शंभर कोंबड्यांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई ती एकटीने कशी आणणार? सगळ्या वाडीने एकाच दिवशी, एकाच सकाळी टोचून घेतली तरच ते जमते. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही दरवर्षी रस्ते झाडतो. ते वाईट आहे असे नव्हे. पण वैशाखातली एक पहाट, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, पशुवैद्यकांना सोबत घेऊन आम्ही घरोघर फिरलो तर? बर्फाचा डबा धरायला आणि कोंबड्या पकडायला मुले लागतातच. आमच्या प्राध्यापकांनी याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

मी हे घरी बोलले आणि आईने दुसऱ्याच दिवशी तिन्हीसांजेला बारा घरे फिरून कोंबड्या मोजल्या. एकशे सात भरल्या. उरलेल्या सातांचे काय करायचे, असे ती मला रोज विचारते.