वेगळं ताट नको

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याच्या आसपासच्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पिठाचे डबे, तवा, परात, गोधड्या, एखादं शेरडू, लेकरं असं सगळं वर चढतं आणि माणसं ऊस तोडायला कारखान्याला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून गेला, जायकवाडीचं पाणी काही शिवारांना मिळालं, आमच्या भागातही ऊस उभा राहिला. तरी हातातला कोयता सुटला नाही. गुढीपाडव्याच्या मागंपुढं ही माणसं परत येतात. मधल्या महिन्यांत गावात उरतात ती म्हातारी माणसं. त्यांच्या ताटात त्या दिवसांत काय पडतं, यावर मला आज लिहायचं आहे. त्यातलंच एक माणूस माझ्या घरात आहे. माझी माय.

भाऊ आणि भावजय दोघं मिळून एक कोयता. दसऱ्याआधीच मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत मुकादमाला नाही म्हणता येत नाही. मायला पक्षाघाताचा झटका येऊन गेला, उजवी बाजू लुळी पडली. उसाच्या फडाकडंच्या कोपीत, थंडीत, पहाटे अंधारात दोघंही तोडीला निघून गेल्यावर तिला कोण बघणार? म्हणून हंगामात ती माझ्याकडं असते. भाऊ फडातून फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला, ‘माय जेवली का?’

लेकीच्या घरी राहणं हे मायच्या पिढीला फार जड जातं. जावयाच्या घरचं पाणीसुद्धा मोजून प्यायचं, अशा वळणात तिचा जन्म गेला. माझे यजमान तिला मामी म्हणतात, तिच्याशी मायेनं बोलतात, तरी ते घरात आले की तिचा डावा हात पदराकडं जातो. आईवडिलांच्या सांभाळाचा २००७ चा जो कायदा आहे, त्यात मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच जबाबदारी टाकलेली आहे. मी तिला हे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘कायद्याचं राहू दे बाई, मला काहीतरी काम दे.’

दवाखान्यातून येताना पथ्याची यादी मिळाली होती. मीठ कमी, तेल कमी, मऊ खाणं, ठसका लागणार नाही असं खाणं. यादी बरोबरच होती. अडचण वेगळीच निघाली. तिच्यासाठी छोटं पातेलं गॅसवर चढलं की ती म्हणायची, ‘माझ्यापायी कशाला वेगळं करतीस?’ आणि चार घास खाऊन बस म्हणायची. तेच आम्ही सगळे खात असलेलं कालवण तिच्या वाटीत पडलं, की वाटी रिकामी व्हायची. पोट तेच, तोंड तेच. मग मी घरात ठरवलं, की मायसाठी वेगळं शिजवायचं नाही. मायला चालेल ते सगळ्यांसाठी शिजवायचं, आणि ज्याला वर काही हवं असेल त्यानं ते आपल्या ताटात घ्यावं.

आमच्या भागात हे म्हणण्याइतकं सोपं नाही. ठेच्याशिवाय भाकरी म्हणजे पोरांच्या मते जेवणच नव्हे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक सपाट चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. आमच्या घरात तेवढं नुसत्या ठेच्यात आणि पापडात जात असेल. आता भाकरीच्या पिठात मीठ घालत नाही, वरणात अर्धंच घालते आणि लसूण, जिरं, कोथिंबीर यांचा हात सैल सोडते. वाढताना लिंबू पिळलं की मिठाची आठवण कमी होते. ठेच्याची वाटी मधे असते, ज्याला हवा त्यानं घ्यावा. पोरं कुरकुरली, पण आता शेजारच्या घरचं कालवण खारट लागतं म्हणून तीच सांगत येतात.

मऊ खाण्यासाठी बाहेरून काही आणावं लागलं नाही. आपल्या स्वयंपाकात ते पिढ्यान् पिढ्या आहेच. ज्वारीच्या कण्या आहेत. ज्वारीला पाण्याचा हात लावून थोडा वेळ ठेवायची, मग भरडायची, पाखडून कोंडा काढायचा आणि कण्या मंद आचेवर फुगेपर्यंत शिजवायच्या. वर ताक. मुगाची खिचडी आहे. हुलग्याचं माडगं आहे, ते थंडीत मायला फार आवडतं. आणि आंबील. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी ठेचलेलं लसूण-जिरं घालून ढवळत ढवळत शिजवायचं. हात थांबला की गुठळी झालीच. सकाळी मला बाहेर पडायचं असलं तर हे ढवळायचं काम यजमान करतात, आणि नीट करतात. सांभाळणं हे घरातल्या एकाच बाईच्या अंगावर टाकायचं काम नाही, हे मला इथं स्पष्टच लिहायचं आहे.

आंबिलीचा आणखी एक गुण मला या आजारपणात कळला. झटक्यानंतर गिळण्याच्या स्नायूंचं काम ढिलं पडतं. पातळ पाणी पटकन घशात उतरतं, स्नायू वेळेवर आवळत नाहीत आणि ते श्वासनलिकेकडं जाऊन ठसका लागतो. थोडं दाट पेय सावकाश सरकतं, गिळायला सवड मिळते. मायला पाणी पिताना ठसका लागायचा. दाटसर आंबील मात्र बिनधोक जायची. प्रत्येकाचा त्रास वेगळा असतो, म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच करावं. भरवण्याचीही एक रीत आहे. आधी पाठीला उशा लावून सरळ बसवायचं. हनुवटी किंचित खाली. छोटा चमचा, आणि घास डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला ठेवायचा. गिळला हे बघितल्याशिवाय पुढचा चमचा नाही. या वेळी टीव्ही बंद, आणि तिच्याशी बोलायचंसुद्धा नाही, कारण ती उत्तर द्यायला तोंड उघडते. शेवटी उजव्या गालात काही अडकलंय का ते बोटानं बघायचं, कारण तिला तिथं कळत नाही. त्यानंतर अर्धा तास तिला आडवं करायचं नाही. सुरुवातीला हे सगळं जमेल की नाही याची धास्ती होती, आता पोरालाही जमतं.

काम मागितलं होतं, ते तिला भाजी निवडायचं मिळालं. थंडीत करडईची कोवळी भाजी येते, हरभऱ्याचा पाला येतो, मेथी येते. सूप मांडीवर ठेवायचं, उजवा हात त्याच्यावर वजनासारखा टाकायचा आणि डाव्या हातानं एकेक काडी उचलायची. देठ अंगठ्याच्या नखानं तोडायचा, पान सुपाच्या एका कडेला, काडी दुसऱ्या कडेला. किडलेलं पान तिच्या नजरेतून सुटत नाही. मी पाच मिनिटांत निवडीन ती जुडी तिला तास दीड तास पुरते, म्हणून आता संध्याकाळची भाजी दुपारीच तिच्यापुढं जाते. ती निवडत असताना पोरं शेजारी अभ्यासाला बसतात. त्या वेळात तिच्या तोंडून बरंच काही निघतं.

तिचं माहेर राक्षसभुवनाकडचं, गोदाकाठचं. १९७२ च्या दुष्काळात ती नुकती लग्न होऊन आलेली होती. दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथं मिळणारी सुकडी पदरात बांधून घरी आणली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. ती भाकरी थापताना तुटायची, असं ती सांगते आणि डाव्या हातानं हवेत थापून दाखवते. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना आपल्यासाठी वेगळं काही शिजणं हे नासाडीसारखंच वाटणार. पथ्य सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं असं मला वाटतं.

माझी माय तरी चार माणसांच्या घरात आहे. आमच्या शेजारच्या आत्याबाई एकट्या आहेत. त्यांचीही लेकरं-सुना फडावर. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये येतात, घरात ज्वारी आहे, उपाशी राहण्याची वेळ नाही. पण एकटं माणूस स्वतःपुरतं शिजवत नाही. सकाळच्या दोन भाकऱ्या, त्यातली अर्धी रात्री चहात बुडवून. कालवण केलंच तर तेच दोन दिवस. दात नाहीत म्हणून भाजी नाही, डाळ भिजत घालायचा कंटाळा म्हणून डाळ नाही. मी वाटी घेऊन गेले की आधी ‘कशाला गं’ म्हणतात, मग मायच्या शेजारी येऊन बसतात. दोघी एकाच सुपातली भाजी निवडतात. त्या दिवशी आत्याबाई पोटभर जेवतात, हे मी बघितलेलं आहे.

एका वाटीनं एक घर भागेल, सगळं गाव नाही. आई-बापाबरोबर फडावर न जाणाऱ्या लेकरांसाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. शाळेत दोन वेळचं शिजतं आणि बऱ्याच ठिकाणी लेकरं रात्री आजी-आजोबांकडंच झोपायला जातात. म्हणजे लेकराला गरम जेवण आणि त्याला पांघरूण घालणारी आजी शिळ्या भाकरीवर. एकाच घरातली दोन माणसं, एक योजनेच्या आत आणि एक बाहेर. त्याच भांड्यात जास्तीचा मऊ भात आणि वरण शिजवायला फार काही लागणार नाही. खर्च कुठून करायचा, नाव कुणाचं घालायचं, हे गावानं बसून ठरवावं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात एवढंच मागितलंय, की ज्यांना चालवतं त्या म्हाताऱ्यांनी शाळेत येऊन लेकरांच्याच पंगतीत बसावं, आणि ज्यांना चालवत नाही त्यांचा डबा नातवाच्या हाती घरी जावा, त्याच भांड्यातला, मीठ कमी घालून.