पूर ओसरल्यानंतरचा हिशेब

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि मुठेकाठच्या पेठा काही तासांत पाण्याखाली गेल्या. त्या दिवसाच्या आठवणी पुण्यात वारंवार सांगितल्या जातात. त्यानंतरच्या महिन्यांचा घरगुती जमाखर्च मात्र फारसा कोणी सांगत नाही. वास्तविक आपत्तीची खरी आर्थिक परीक्षा तेथेच होते. नोकरदाराचा संसार वाहून गेला तरी पगार चालू राहतो. दुकानदाराचे व कारागिराचे भांडवल आणि उत्पन्न एकाच सकाळी बुडते. गोखलेनगरसारख्या वसाहतींतून पूरग्रस्तांना पुढे निवारा मिळाला; पण निवारा मिळेपर्यंतचे दिवस ज्याने त्याने आपल्या शिलकीवर किंवा उसनवारीवर काढावयाचे असतात.

हा केवळ इतिहास नव्हे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात हाहाकार माजविला. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाची बचत पाहिली तर ती मुदत ठेव, सोने आणि सदनिका यांत अडकलेली आढळते. पैसा सुरक्षित असणे आणि तो हाताशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद पुणेकरांना पुराने नव्हे, तर रुपी सहकारी बँकेने शिकविला. 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले व 2022 मध्ये परवाना रद्द केला. बहुसंख्य ठेवीदारांची रक्कम ठेव विम्याच्या मर्यादेत होती. परंतु मधली वर्षे आजारपण, लग्नकार्य वा शिक्षण थांबत नाही! ही मर्यादा 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदारास, व्याज धरून, पाच लाख रुपये अशी आहे; निर्बंध आल्यास 90 दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद 2021 च्या दुरुस्तीने झाली. तेव्हा अर्ध्या टक्क्याच्या जादा व्याजासाठी सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवणे हा व्यवहार महागाचा आहे. तीन-चार महिन्यांचा घरखर्च दोन बँकांच्या बचत खात्यांत, आणि वीज व यंत्रे बंद पडली तर आठवडाभर पुरेल इतकी रोकड घरात, ही व्यवस्था व्याज बुडविणारी वाटली तरी समंजस आहे.

लॉकरविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. चोरी, आग वा इमारत कोसळणे यांसाठी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. पूर, भूकंप, वीज यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेची हयगय नसल्यास, ती मुळीच नाही. लॉकर तळमजल्यावर की वरच्या मजल्यावर, ही चौकशी म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

विम्याच्या बाबतीत तर शिकलेल्या वर्गाचे वर्तन चमत्कारिक आहे. कायद्याने सक्ती असल्यामुळे दुचाकीचा विमा काढला जातो. घराचा काढला जात नाही. एप्रिल 2021 पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ हा एकाच नमुन्याचा विमा देणे बंधनकारक आहे आणि त्यात पुराचाही समावेश आहे. भाडेकरूला केवळ घरातील वस्तूंचा विमा घेता येतो.

अर्थात ज्याच्या हाती महिनाअखेर काही उरतच नाही, त्या ओढ्याकाठच्या मोलकरणीला वा हमालाला हा उपदेश करणे हा क्रूर विनोद ठरेल. तिच्यासाठी पंचनामा लवकर होणे व मदत थेट खात्यात जमा होणे, हाच विमा होय. आणि त्याचा हप्ता करदात्यांनी भरावयास हवा. गृहरचना संस्थांच्या सभासदांचे तसे नाही. वार्षिक सभेत रंगकामाच्या खर्चावर दोन तास वाद घालणाऱ्या सभासदांनी इमारतीचा विमा आहे की नाही, तळघरातील वीजमीटर वर हलविण्यास किती खर्च येईल, हे दोन प्रश्न पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घालावयास हरकत नाही.