विकतचें ऊन

गेल्या कार्तिकांत माझा भाचा आपली मोटार घेऊन आमच्या घरीं आला आणि चहा होतां होतां म्हणाला, "मामा, गाडीला सनरूफ बसवून घ्यायचं म्हणतोंय." मोटार सहा वर्षांची, कर्ज नुकतेंच फिटलेलें, आणि छप्पर कारखान्यांतून आलें तसें अखंड. त्या छपराला मधोमध चौकोनी भोंक पाडून त्यांत सरकती कांच बसवून देणारा एक कारागीर त्याला गांवांत भेटला होता. कारण विचारलें तेव्हां कळलें कीं, त्याच्या पांच वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणीकडे तशी मोटार आहे. ती मैत्रीण छपरांतून डोकें बाहेर काढून उभी राहते, आणि हिला मात्र खिडकीच्या कांचेला नाक लावून बसावें लागतें. "पोरीची हौस आहे हो," तो म्हणाला. या युक्तिवादापुढें कोणाही आजोबाचा टिकाव लागत नाहीं. माझाही लागला नाहीं. मी "बघूं" म्हणालों. पुढें त्याच्याबरोबर त्या कारागिराच्या शेडमध्यें जाऊन मी खरोखरच बघून आलों, आणि जें पाहिलें त्यावरून चार शब्द लिहिणें अवश्य वाटलें. कारण ही हौस आतां एका भाच्यापुरती राहिलेली नाहीं.

प्रथमच एक गैरसमज दूर करतों. कारखान्यांतूनच कांचेचें छप्पर लेऊन बाहेर पडणाऱ्या मोटारीबद्दल माझी तक्रार नाहीं. ती कोणास आवडो वा न आवडो, तिचा सांगाडा रेखाटतांनाच छपरांतील पोकळी हिशेबांत धरलेली असते आणि तिच्याभोंवतीं तशी मजबूत चौकट दिलेली असते. माझें भांडण आहे तें अखंड छपराची मोटार विकत घेऊन, तिच्या आयुष्याच्या मध्येंच तिच्या मस्तकावर करवत चालविणाऱ्या हौसेशीं. मूळचेंच दोन दारांचें घर आणि मागाहून भिंत फोडून दार पाडलेलें घर यांत जो फरक, तोच येथें आहे. आणि घराची भिंत फोडण्यापूर्वीं ती भार वाहणारी आहे कीं काय, एवढें तरी आपण विचारतों.

आम्ही गेलों तेव्हां शेडमध्यें एका मोटारीवर शस्त्रक्रिया चालूच होती. आंतलें कापडी अस्तर उतरवून ठेवलें होतें. छपरावर कागदी नमुना चिकटवून त्याच्या कडेनें खूण केलेली होती. गिरमिटानें कोपऱ्यांत भोंकें पडलीं, विजेची करवत फिरली, आणि आमच्या हातांतला चहा निवायच्या आंत छपराचा चौकोन जमिनीवर येऊन पडला. मी तो उचलून पाहिला. पत्रा मिलिमीटरभरही जाड नव्हता. त्याच्या पोटाशीं असलेली आडवी पट्टी, म्हणजे छपराचा वासाच म्हणा ना, मध्येंच कापली जाऊन त्याच्याबरोबर खालीं आली होती. "एवढ्याशा पत्र्यानं काय होतंय, साहेब?" असें कारागिरानें मला हंसत विचारलें. प्रश्न प्रामाणिक होता. त्याला उत्तरही तसेंच दिलें पाहिजे.

मी महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों, परंतु याचें उत्तर द्यायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. फराळाचा पत्र्याचा चौकोनी डबा घ्यावा, झांकण घट्ट लावून दोन्ही हातांनीं पिळून पाहावा. मग झांकण काढून पुन्हां पिळावा. पत्रा तोच, हात तेच. पण दुसऱ्या वेळीं डबा सहज वांकडा होतो. बळ पत्र्याच्या जाडींत नव्हतें, तें डबा बंद असण्यांत होतें. मोटारीचें बूड, खांब आणि छप्पर मिळून असाच एक बंद डबा होतो. मोटार रस्त्यावरून धांवत असते तेव्हां छपराची किंमत कळत नाहीं. ती उलटते त्या दोन सेकंदांत कळते. अमेरिकेच्या सरकारी नियमांत मोटारीच्या छपरानें तिच्या वजनाच्या दीडपट भार सोसावा अशी अट होती. २००९ सालीं ती बहुतेक खासगी मोटारींसाठीं तिप्पट करण्यांत आली. छप्पर म्हणजे केवळ ऊनपावसाची छत्री असती, तर हा खटाटोप कोणी केला नसता. घर फिरलें म्हणजे घराचे वासेही फिरतात असें आपण म्हणतों. येथें तर घर फिरण्यापूर्वींच वासे कापून ठेवलेले! त्यांत आणखी एक भर आहे. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत टकरीच्या वेळीं पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या छपराच्या कांठालगत, याच अस्तराखालीं, दुमडून ठेवलेल्या असतात. अस्तर उतरवून चढविणाऱ्या हातांना त्यांची माहिती आहे कीं नाहीं, हें गिऱ्हाईक विचारीत नाहीं, आणि विचारलें तरी पडताळून पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नसतें.

आतां पावसाचें पाहूं. कांचेभोंवतींची रबरी पट्टी सर्व पाणी अडविते, अशी सामान्य समजूत आहे. ती बरेंचसें अडविते; सर्व नव्हे, आणि चांगल्या रचनेंत तिच्याकडून तशी अपेक्षाही नसते. झिरपलेलें पाणी भोंवतालच्या पन्हळींत जमतें आणि कोपऱ्यांतील बारीक नळ्यांवाटे, खांबांच्या पोकळींतून, मोटारीखालीं निघून जातें. धुळीनें वा पाचोळ्यानें नळी तुंबली कीं पन्हळ भरते, आणि पाणी आंत बसलेल्यांच्या मांडीवर येतें. कारखान्यांत या नळ्यांची वाट आधींच आंखलेली असते. शेडमध्यें ती सांपडेल तिकडून काढावी लागते. ज्या प्रांतांत महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि जेथें २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेथें आपण होऊन छपराला भोंक पाडणें यास विकतचें दुखणें म्हणतात. शिवाय करवतीनें कापलेल्या कडेवरचा गंजरोधक थर गेलेला असतो. वरून ब्रश फिरवून लावलेला रंग त्या थराची बरोबरी करीत नाहीं. कोंकणच्या खाऱ्या वाऱ्यांत तर गंजाला आमंत्रणाचीही गरज नसते.

यावर कोणी म्हणेल, छपरांतून उजेड घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी आहे काय? कोंकणांतल्या माजघरांत आणि स्वयंपाकघरांत कांचेचें कौल नसतें काय? असतें; आणि हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यांतच माझें उत्तर आहे. कांचेचें कौल मातीच्या कौलाच्याच आकाराचें असतें. एक कौल काढावें, त्याच्या जागीं तें सरकवावें; खालच्या रिपेला वा वाशाला धक्का लागत नाहीं. फुटलें तर पुन्हां मातीचें कौल बसतें आणि छप्पर पूर्ववत् होतें. शिवाय तें बसवितात काळोख्या चुलीपाशीं, म्हणजे जेथें उजेडाची खरोखर गरज असते तेथें. मोटारीला चारी बाजूंनीं कांचाच कांचा असतात, आणि एकदां कापलेला टप कोणत्याही कारागिराला पूर्ववत् करून देतां येत नाहीं. पूर्वजांची ती सोय शहाणपणाची होती. आमची ही हौस तिचें सोंग आहे.

या वस्तूचें माहेर कोठें आहे, हेंही पाहण्यासारखें आहे. जर्मनींत १९०१ सालीं स्थापन झालेल्या वेबास्टो कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत मोटारींसाठीं घडीचीं छपरें बनविलीं. अमेरिकेंत नॅश कंपनीनें १९३७ सालीं सरकतें छप्पर देऊं केलें. आणि पुढें १९६५ सालीं हाइन्झ प्रेक्टर या जर्मन तरुणानें अमेरिकेंत मोटारींचीं छपरें कापून असल्या खिडक्या बसविण्याचाच धंदा उभा केला. ज्या मुलखांत डिसेंबरांत दुपारीं साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ज्या काळांत मोटारींत थंड हवेचें यंत्र सर्रास नसे, तेथें ही खटपट समजण्यासारखी होती. आमच्याकडे नागपूर-चंद्रपुराकडील पारा उन्हाळ्यांत ४५ अंशांपलीकडे जातो. आम्ही अंगणांत मांडव घालणारे, गॅलरीला चिकाचे पडदे सोडणारे लोक. मोटारींच्या कांचांवर उन्हाच्या नांवाखालीं काळ्या पट्ट्या चिकटविण्याचा सुळसुळाट इतका झाला कीं, २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयाला त्याविरुद्ध निर्णय द्यावा लागला. आज तोच समाज त्याच उन्हाला माथ्यावरून आंत घेण्यासाठीं करवत शोधीत आहे, आणि कांच बसली कीं पहिल्याच चैत्रांत तिच्याखालचा पडदा ओढून घेतो! मग ही खिडकी कोणासाठीं? आंत बसणाऱ्यांसाठीं नव्हे; बाहेरून पाहणाऱ्यांसाठीं. वरच्या किंमतीची मोटार घेतां आली नाहीं, तर निदान तिची एक खूण आपल्या मोटारीच्या कपाळीं गोंदवून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ.

"माझी गाडी, माझा पैसा, तुम्हांला काय त्याचें?" हा शेवटचा आणि सर्वांत आवडता आक्षेप. मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालते, म्हणून ती सर्वस्वीं खासगी वस्तु नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ उत्पादकानें ठरविलेल्या घडणीशीं विसंगत असे बदल करण्यास मालकाला मनाई करतें; अपंगांसाठीं वाहनांत करावयाचे बदल किंवा निराळ्या इंधनाची सोय अशा ठराविक गोष्टींना रीतसर मुभा आहे, म्हणजे कायदा गरज ओळखतो, हौस ओळखीत नाहीं. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा अर्थ स्पष्ट केला, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. विमा कंपनीला न कळवितां केलेला असा बदल अपघातानंतर दावा नाकारण्यास आयतें कारण होऊं शकतो, हें निराळेंच. ज्या घरांत महिन्याच्या पहिल्या तारखेला हप्त्यांचा हिशेब मांडला जातो, त्या घराला ही चैन कितीला पडेल याचा विचार चैन करण्यापूर्वींच झालेला बरा.

पण दंड, गंज आणि विमा यांसाठीं मी लेखणी हातीं घेतली नसती. मूळ प्रश्न त्या पांच वर्षांच्या मुलीचा आहे. ही खिडकी तिच्यासाठीं पाडावयाची आहे. म्हणजे ती तींतून उभी राहणार, हें ठरलेलेंच. ताशीं ५० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारें १४ मीटर. रस्त्यांत कुत्रें आडवें आलें आणि बापानें ब्रेक दाबला, तर मोटार थांबते. छपरांतून अर्धी बाहेर असलेली मुलगी मात्र त्याच वेगानें पुढें जाऊं पाहते, आणि तिला अडवावयास समोर असते ती त्या भोंकाची कडा. संक्रांतीच्या दिवसांत रस्त्यावर आडवा आलेला नायलॉनचा मांजा दुचाकीवरच्या माणसाचा गळा कापतो, हें आपण दर वर्षीं वर्तमानपत्रांत वाचतों. छपरांतून वर आलेला लहानगा गळा त्याला निराळा दिसेल काय? बसावयाची जागा आणि कमरेचा पट्टा सोडून ज्या ठिकाणीं मूल उभें राहतें, तें ठिकाण बापानें पैसे मोजून तयार करून द्यावें, यासारखी उलटी माया मला ठाऊक नाहीं.

भाच्याला मी हें सर्व सांगितलें. तो ऐकून घेतो, वाद घालीत नाहीं, आणि हेंच मला भीतिदायक वाटतें. त्यानें विसार अद्याप दिलेला नाहीं, एवढें मात्र खरें. परवां त्याच्या मुलीला मी मोटारींतून टेकडीच्या पायथ्याशीं नेलें. तेथें मोटार उभी केली, दार उघडलें, आणि आम्ही दोघें खालीं उतरून ढग पाहात उभे राहिलों. तिनें मला विचारलें, "आजोबा, मैत्रिणीला गाडीतून एवढं दिसतं का?" मी नाहीं म्हणालों, आणि तें खोटें नव्हतें.