सडपातळ अंगातली साखर

शिळफाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी उभ्या असलेल्या खाला सांगू लागल्या, "माझ्या मुलाला साखर निघाली गं! इतका काटकुळा, त्याला कशी झाली?"

भगिनींनो, या प्रश्नाचं उत्तर घाट चढून गेल्यावर पुण्यातच सापडतं. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होतं ते मांस. चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीदार!

खुद्द डॉक्टरांनी २००४ मध्ये आपला व एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, डॉक्टरांची २१.२ टक्के. वजनकाटा हे सांगत नाही.

याच अभ्यासात बहुतेक मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची चिन्हं अधिक दिसली. साखरेचा धोका असा आईच्या पोटापासून सुरू होऊ शकतो.

बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. आपल्या घरात हे शिजतं, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला बोटी येते की नुसता रस्सा?

तेव्हा दोन गोष्टी करा. घरात शिवणाची टेप असतेच. तिने कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, किंवा आईवडिलांना साखर असेल, तर बारीक असलात तरी रक्त तपासा. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. ५.७ पासून पुढे सावध व्हा, ६.५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडून मधुमेहाची खात्री करून घ्या. सुनेला दिवस गेले असतील, तर बी-१२ बद्दलही त्यांना विचारा.

आणि आज रात्री दस्तरखानावर पहिली बोटी तिच्या ताटात वाढा.