संगणक द्या, पण चालता द्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट देणे बंद केले. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या बहुतेक संगणकांना विंडोज ११ चालत नाही. साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर नवी प्रणाली त्याला दारातच अडवते. परिणामी जगभरातल्या कचेऱ्यांतून धडधाकट संगणक बाहेर पडू लागले आहेत. आपल्याकडेही उद्यमबागेतील कारखाने, पतसंस्था, खाजगी कचेऱ्या यांच्या माळ्यांवर ते साचत आहेत. पुण्या-बेंगळुरात नोकरीला असलेली आपली मुलेही विचारतात, "आमच्या कंपनीतले पंधरा-वीस जुने संगणक मिळताहेत, गावाकडच्या एखाद्या शाळेला देऊन टाकू का?"

भावना चांगलीच आहे. पण 'देऊन टाकू' यातल्या 'टाकू' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. देणे वेगळे आणि टाकणे वेगळे. हा फरक न पाळल्याने काय होते हे अर्ध्या जगाने गेल्या पंचवीस वर्षांत भोगले आहे.

सर्वात बोलके उदाहरण नायजेरियातील लागोसचे. बासेल ॲक्शन नेटवर्क या अमेरिकेतील संस्थेने २००५ मध्ये तिथल्या बंदराची पाहणी केली. श्रीमंत देशांतून दरमहा सुमारे ५०० कंटेनर जुने संगणक तिथे उतरत होते आणि एकेका कंटेनरात ८०० च्या आसपास नग होते. कागदोपत्री हा सगळा माल पुनर्वापरासाठी, आफ्रिकेला संगणकयुगात आणण्यासाठी आलेला. स्थानिक व्यापाऱ्यांच्या आणि जाणकारांच्या म्हणण्यानुसार त्यातला ७५ टक्क्यांपर्यंत माल दुरुस्तीच्याही लायकीचा नव्हता. तो बाजाराच्या मागे उघड्यावर टाकला जाई आणि जाळला जाई. काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये किलो-दोन किलो शिसे असते, ते मातीत आणि पाण्यात उतरत होते. घानाची राजधानी आक्रा येथील आगबोग्ब्लोशीच्या भंगारबाजारात पोरे तांब्यासाठी वायरी जाळत बसलेली असत, ती छायाचित्रे जगभर गाजली. तो बाजार २०२१ मध्ये पाडण्यात आला. माल मात्र यायचा थांबला नाही.

दूर कशाला जायचे? दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे ई-कचऱ्याच्या संदर्भात वर्षानुवर्षे घेतली जातात. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी सर्किट बोर्ड जाळून धातू काढला जात असे. आपण भंगारवाल्याला किलोवर घातलेला संगणक शेवटी कुठे जातो, याची चौकशी आपल्यापैकी कितीजणांनी केली आहे?

म्हणून दान बंद करावे काय? २००९ साली युगांडा सरकारने जुने फ्रीज, टीव्ही यांच्याबरोबर जुन्या संगणकांच्या आयातीवरही बंदी जाहीर केली. राग समजण्यासारखा होता, पण आमच्या मते तो उपाय नव्हे. ज्या शाळेत एकही संगणक नाही, तिथल्या मुलाला सहा वर्षे वापरलेला संगणकही नवाच असतो. आपल्या देशाचीच स्थिती पाहा. केंद्र सरकारच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील जेमतेम ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होता. 'चालू स्थितीतील' हे शब्द महत्त्वाचे. नुसती यंत्रे मोजली असती तर आकडा नक्कीच फुगला असता. कारण कपड्याखाली झाकून, हार घालून, कुलूपबंद खोलीत ठेवलेले संगणक कुणी पाहिले नाहीत?

योग्य रीत कोणती, तेही आफ्रिकेतच पाहायला मिळते. लंडनची कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल ही संस्था १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपन्यांचे जुने संगणक गोळा करते, त्यांच्यातील माहिती कायमची पुसते, प्रत्येक नग तपासते आणि चालणारे तेवढेच पुढे पाठवते. केनियात नैरोबी येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स केनिया या संस्थेने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. संगणक मागणाऱ्या शाळेने आधी खोली तयार करायची, वीज आणायची, शिक्षकाला प्रशिक्षणाला पाठवायचे, मग यंत्रे. नंतर देखभालही होते. पुढे याच संस्थेच्या कामातून ई-कचरा शास्त्रोक्त पद्धतीने हाताळणारे केंद्र उभे राहिले. म्हणजे येणाऱ्या यंत्राच्या शेवटाची सोयही तिथेच झाली. आमच्या दृष्टीने सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. संगणक देणाऱ्याची जबाबदारी फीत कापली की संपत नाही, यंत्र मोडीत निघेपर्यंत ती त्याच्याच खांद्यावर राहते. आणि घेणाऱ्याला 'हे नको' म्हणण्याचा हक्क असला पाहिजे. आपल्या शाळांचे मुख्याध्यापक भिडेपोटी हा हक्क वापरत नाहीत. गावातल्या प्रतिष्ठिताने दिलेली वस्तू नाकारायची कशी, हा त्यांना पेच पडतो. शाल-श्रीफळ होते, फोटो होतो, आणि महिन्याभरात खोलीला कुलूप लागते.

कुलूप लागण्याची कारणे फार क्षुल्लक असतात. गोपनीयतेच्या भीतीने कचेरीने हार्डडिस्क काढून घेतलेली असते. ती विकत घ्यायला शाळेकडे पैसे नसतात. माहिती पुसण्याचे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध असताना डिस्क काढून ठेवण्याची गरज नसते, पण हे सांगायला कुणी नसते. परदेशातून आलेल्या जुन्या नगाच्या पाठीमागे व्होल्टेजचे लाल बटण ११५ वरच राहिलेले असते. आपल्या २३० व्होल्टला जोडताच पॉवर सप्लाय धूर सोडतो. जुन्या डेस्कटॉपला वीजही बरीच लागते. दहा-पंधरा यंत्रे एकदम चालू केली की शाळेचा एकुलता एक फ्यूज उडतो. आणि दिवसाचे तीन-चार तास भारनियमन असलेल्या खेड्यात इन्व्हर्टरशिवाय तास घ्यायचा कसा?

सॉफ्टवेअरचा प्रश्न आपल्याला, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला, अधिक जवळचा आहे. विंडोज ११ न चालणारा संगणक लिनक्सवर आरामात चालतो. त्यात रॅम थोडी वाढवली आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर नव्यासारखा धावतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने तयार केलेली बॉस लिनक्स ही प्रणाली मोफत आहे आणि तिच्यात मराठीची सोय आहे. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेच्या मुलाने संगणकाच्या पडद्यावर पहिला शब्द आपल्या लिपीत लिहावा, यासाठी कुणाकडे अर्ज-विनंत्या करण्याचे कारण नाही, मोर्चाचेही नाही. एका जाणत्या तरुणाचा एक रविवार पुरेसा आहे. आपली शेकडो मुले संगणक क्षेत्रात आहेत. जुनी यंत्रे मिळवून देण्यापेक्षा हा रविवार देणे त्यांना अवघड वाटते, असे मात्र दिसते. स्पष्ट लिहिल्याबद्दल कुणी राग मानू नये.

आता सरकारकडे वळू. बासेल कराराने १९९२ पासून घातक कचऱ्याच्या निर्यातीवर बंधने आणली. १ जानेवारी २०२५ पासून तर सर्व प्रकारच्या ई-कचऱ्यासाठी घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती बंधनकारक झाली. अमेरिकेने या करारावर सही केली, पण तो मंजूर केलेला नाही, हेही नोंदवून ठेवावे. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या उद्योगांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कायदा आहे. पण खुद्द सरकारी कचेऱ्यांतले संगणक काय होतात? ते 'निरुपयोगी' ठरतात, लिलावाची वाट पाहत वर्षानुवर्षे गोदामात पडतात, आणि लिलाव होईपर्यंत खरोखरच निरुपयोगी होतात. यंत्र कचेरीतून निघाल्यावर सहा महिन्यांत तपासावे, चालत असेल तर माहिती पुसून त्याच तालुक्यातील शाळेला किंवा प्रशिक्षण केंद्राला द्यावे, चालत नसेल तर नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवावे, एवढा साधा नियम करायला कुठल्याही राज्य सरकारला अडचण नसावी. येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला हा प्रश्न आपल्या सभासदांनी जरूर विचारावा. संगणक 'वाटप' करण्याचे आश्वासन तो देईलच. गोदामातल्यांचे काय, हे विचारावे.

आपल्या संघटनेपुरते बोलायचे तर पुढील बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. संघटनेमार्फत दिला जाणारा प्रत्येक संगणक आधी आठ दिवस आपल्या कार्यालयात चालवून पाहावा. त्यात मराठी टंकलेखनाची सोय बसवावी. घेणाऱ्या शाळेतील किमान दोन शिक्षकांना आठवडाभर शिकवावे. यंत्र बंद पडल्यास कुणाला फोन करायचा, ते नाव शाळेच्या फलकावर लावावे. आणि दुरुस्त न होणारे यंत्र आपणच परत आणून नोंदणीकृत केंद्राकडे पोचते करावे. वाहतुकीचा खर्च कुणी करायचा यावर बैठकीत वाद होणार, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ज्या कारखानदारांनी व पतसंस्थांनी संगणक देऊ केले आहेत, त्यांनी प्रत्येक नगामागे एका एसएसडीचे आणि परतीच्या टेम्पोभाड्याचे पैसेही सोबत द्यावेत, अशी सूचना त्या ठरावात आहे.